गर्भिणीचे दात आणि घराचे कर्तव्य

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनानिमित्त तेरखेडा येथे भरलेल्या महिला सभेत एका दंतवैद्य भगिनीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्ञातीच्या संमेलनात मुलामुलींचे शिक्षण, विवाहातील खर्च, वसतिगृहाची सोय, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार अशा विषयांवर विचारविनिमय व्हावा, ही आपल्याकडील वहिवाट आहे आणि ती उचितच आहे. त्या वहिवाटीत आजचा माझा विषय थोडा निराळा वाटेल. गरोदर स्त्रीने आपल्या दातांची व हिरड्यांची निगा कशी राखावी आणि त्या कामी घरातील माणसांनी तिला कसे साहाय्य करावे, हा तो विषय होय. संसारात एवढ्या मोठमोठ्या विवंचना असता दातांची काय कथा, असे कोणाच्या मनात आले तर नवल नाही. परंतु दातांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या प्रौढ स्त्रियांना दुखण्याचा आरंभ केव्हापासून, असे विचारले, म्हणजे पुष्कळ जणी एकच उत्तर देतात : ‘पहिल्या बाळंतपणापासून.’ हे उत्तर त्या इतक्या सहजपणे देतात, की जणू काही ते स्त्रीजन्माचे प्राक्तनच आहे. ते प्राक्तन नाही, ते टाळता येण्याजोगे आहे, एवढीच गोष्ट मला आज आपणांस पटवून द्यावयाची आहे.

आपल्या घराघरांत या बाबतीत दोन समजुती आणि एक सवय ठाण मांडून बसलेल्या आहेत. पहिली समजूत अशी, की पोटातील मूल आईच्या दातांतील चुना ओढून घेते, तेव्हा प्रत्येक बाळंतपणाला एखादा दात जावयाचाच. दुसरी समजूत अशी, की गरोदरपणी दाताला हात लावू नये. जे काय करावयाचे ते बाळंतपण उरकल्यावर करावे. आणि सवय कोणती, ते मी सांगावयास नको. ती आपल्यापैकी कित्येकींच्या कमरेच्या पिशवीत, एका लहानशा डबीत असते. मिश्री ही ती सवय. या तिन्हींचा परस्परांशी संबंध कसा आहे, तो मी क्रमाने सांगते.

प्रथम पहिली समजूत घेऊ. मुलाच्या हाडांना कॅल्शियम, म्हणजे आपण ज्याला चुना म्हणतो ते द्रव्य, लागते हे खरे. परंतु ते मूल आईच्या दातांतून घेत नाही. दात एकदा तयार झाला, की त्यातील चुना परत रक्तात जाण्याची वाटच शरीरात नाही. आईच्या आहारातून पुरेसे कॅल्शियम मिळाले नाही, तर ते तिच्या हाडांतून घेतले जाते. दातांना त्याची झळ लागत नाही. म्हणून दूध, दही, ताक, तीळ, मेथी, शेवग्याची पाने, नाचणी हे पदार्थ गर्भिणीने अगत्याने खावेत, ते तिच्या हाडांसाठी आणि बाळाच्या घडणीसाठी. आपल्या जिल्ह्याने नावारूपास आणलेली उस्मानाबादी शेळी दारात असेल, तर तिचे उकळलेले दूधही उत्तम. कच्चे दूध मात्र गर्भिणीला कदापि देऊ नये.

मग गरोदरपणी दात बिघडतात, हा अनुभव खोटा म्हणावयाचा काय? अनुभव खोटा नाही. त्याचे कारण निराळे आहे. गर्भ राहिल्यावर स्त्रीच्या शरीरातील संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, पुष्कळ वाढतात. त्यांच्या योगाने हिरड्यांतील रक्ताचा पुरवठा वाढतो आणि त्या नाजूक होतात. एरवी दातांच्या मुळाशी थोडेसे किटण साचले तर हिरडी ते सहन करते. गरोदरपणी तेवढ्याच किटणाने ती लाल होते, सुजते आणि घासताना रक्त येऊ लागते. साधारणतः दुसऱ्या महिन्यापासून याचा आरंभ होतो आणि आठव्या महिन्याच्या सुमारास त्रास सर्वांत अधिक असतो. शंभर गर्भिणींपैकी ६० ते ७५ जणींना हा त्रास कमीअधिक प्रमाणात होतो, असा वैद्यकाचा अंदाज आहे. तेव्हा ज्या भगिनीच्या हिरडीतून रक्त येते, तिने आपल्यालाच काही विपरीत झाले असे मानून घाबरून जाऊ नये.

परंतु येथेच एक मोठी चूक घडते. रक्त दिसले, की स्त्री त्या जागी घासणे सोडून देते. घासणे सोडले, की किटण वाढते. किटण वाढले, की सूज वाढते. सूज वाढली, की रक्त अधिक येते. या फेऱ्यातून सुटण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे मऊ ब्रशने हलक्या हाताने, परंतु नियमाने घासत राहणे. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या केल्यास आराम पडतो. दातांवर चढून दगडासारखे झालेले किटण मात्र ब्रशने निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते आणि गरोदरपणी ते निर्धोकपणे काढता येते. थोड्या स्त्रियांच्या हिरडीवर, दोन दातांच्या मध्ये, लालभडक रंगाची गाठ येते. ती पाहून कर्करोगाच्या कल्पनेने सारे घर हादरते. ती गाठ बहुधा निरुपद्रवी असते आणि प्रसूतीनंतर पुष्कळदा आपोआप ओसरते. तथापि ती दंतवैद्याला दाखविल्यावाचून राहू नये.

दातांना कीड लागण्याचे कारण आणखी सोपे आहे. पहिल्या तीन-चार महिन्यांत सकाळी मळमळते, ब्रश तोंडात घातला की उमासे येतात, म्हणून घासणे टळते. थोडे थोडे आणि वारंवार खावे लागते, म्हणून तोंड दिवसभर उष्टे राहते. डोहाळ्यांनी चिंच, कैरी, बोरे खावीशी वाटतात. पुढे डोहाळजेवणाचे दिवस येतात आणि घरोघरी गोडधोडाचा मारा सुरू होतो. कुंथलगिरीचा पेढा आपल्या जिल्ह्यात कोणाला वर्ज्य आहे? गर्भिणीने तो खाऊ नये, असे म्हणण्याचा अरसिकपणा मी करणार नाही. जेवणासोबत खावा, दिवसभर चघळत बसू नये, आणि खाल्ल्यावर पाण्याने चूळ भरावी, इतकेच माझे मागणे आहे. कित्येकींना चुलीची माती किंवा भाजलेली माती खाण्याची ओढ लागते. ही ओढ रक्तातील लोह कमी झाल्याची खूण असू शकते, आणि मातीतील खडे दातांची झीज करतात. तेव्हा अशा सुनेला दटावण्यापेक्षा तिचे रक्त तपासून घ्यावे.

ओकाऱ्यांविषयी एक गोष्ट सर्वांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. ओकारीबरोबर पोटातील आम्ल तोंडात येते आणि दातांच्या वरच्या कवचाला काही काळ मऊ करून ठेवते. त्याच क्षणी ब्रश किंवा काडी फिरविली, तर मऊ झालेले कवच घासून जाते. म्हणून ओकारी झाल्यावर लगेच दात घासू नयेत. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा मिसळून त्याने खळखळून चूळ भरावी आणि किमान अर्धा तास थांबून मग दात घासावेत. आपल्या पूर्वजांना याचे अवधान होते असे दिसते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात दात घासण्याचा विधी सांगताना निंब, खदिर, मधूक व करंज यांच्या काड्यांची वाखाणणी केली आहे. परंतु ज्याला ओकाऱ्या होत आहेत त्याने दंतकाष्ठ वापरू नये, असेही तेथे बजावले आहे. कारणाची मांडणी आज निराळी झाली, तरी सावधगिरी तीच आहे.

आता दुसऱ्या समजुतीकडे वळते. माझ्या मते तिन्हींत हीच अधिक घातक आहे, कारण ती प्रेमापोटी निर्माण झालेली आहे. गर्भिणीला तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राप्रमाणे जपावे, असे चरकाचार्यांनी सांगितले आहे. हे जपणे म्हणजे तिला कोणत्याही वैद्याचा हात लागू न देणे, असा अर्थ आपण करून घेतला. त्याचा परिणाम काय होतो, हे पाहण्यासाठी आपल्या ओळखीचे कोणतेही एक घर डोळ्यांपुढे आणा. सुनेला पाचवा महिना आहे. दाढेत खड्डा आहे आणि रात्री ठणका लागतो. सासूबाई म्हणतात, ‘अगं, आता कुठे दाढ काढतेस? इंजेक्शनचं विष पोरावर जाईल. बाळंत झाल्यावर बघू.’ सून लवंग धरते, तेल लावते, दुकानातून कोणीतरी आणलेली गोळी घेते आणि दुसऱ्या बाजूने चावून दिवस काढते. चावता येत नाही म्हणून भाकरी टाकते आणि पातळ चहावर राहते. ज्या दिवसांत दोन घास अधिक जावयाचे, त्याच दिवसांत तिचे अन्न तुटते. सातव्या महिन्यात गालाला सूज येते, ताप चढतो. तोपर्यंत जे काम अर्ध्या तासात झाले असते, त्यासाठी आता दवाखान्यात राहण्याची पाळी येते. सुनेवर माया नव्हती असे नाही. मायेला माहितीची जोड नव्हती.

तर माहिती अशी आहे. गरोदरपणी दातांवर उपचार करून घेणे निर्धोक आहे, असे प्रसूतिशास्त्रातील व दंतवैद्यकातील मान्यवर संस्थांचे आज एकमत आहे. तातडीचे दुखणे असेल तर कोणत्याही महिन्यात उपचार करता येतो आणि केलाच पाहिजे. तातडी नसेल, तर चौथा, पाचवा आणि सहावा हे महिने सर्वांत सोयीचे. कारण तोपर्यंत ओकाऱ्या ओसरलेल्या असतात आणि पोट फार वाढलेले नसते. दाढ बधिर करण्यासाठी जे लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात, ते योग्य प्रमाणात दिले असता गर्भाला अपाय करीत नाही. क्ष-किरण छायाचित्राची गरज पडली, तर दाताच्या छायाचित्राला लागणारे किरण अत्यल्प असतात, आणि पोटावर व गळ्यावर शिशाचे आच्छादन घालून ते घेता येते. शेवटच्या महिन्यांत खुर्चीवर सपाट उताणे निजल्यास गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो आणि चक्कर येते. म्हणून उजव्या कुशीखाली उशी ठेवून किंचित डावीकडे कलून बसावे. इतके केले, की झाले.

मात्र एक पथ्य कडक पाळावयाचे. दंतवैद्याच्या खोलीत पाऊल टाकताच आपण गरोदर असल्याचे आणि महिना कितवा आहे ते प्रथम सांगावे. नवविवाहित मुली लाजेने हे सांगत नाहीत, म्हणून सोबत जाणाऱ्या वडील स्त्रीने सांगावे. कारण काही औषधे या काळात खरोखरच वर्ज्य आहेत. टेट्रासायक्लिन जातीची औषधे चौथ्या महिन्यानंतर आईने घेतली, तर मुलाचे दुधाचे दात पिवळसर-तपकिरी रंगाचे येतात आणि तो डाग जात नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या दुकानातून आपल्या मनाने आणून घेणे विशेषतः पाचव्या महिन्यानंतर धोक्याचे आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये याविषयी स्पष्ट इशारा दिला. आता विचार करा : इंजेक्शनच्या भयाने ज्या सुनेला दंतवैद्याकडे जाऊ दिले नाही, तीच घरात बसून या गोळ्या घेत असते. जे निर्धोक होते ते टाळले आणि जे धोक्याचे होते ते पत्करले, असा हा उलटा न्याय झाला.

येथे मला अतिशयोक्तीही करावयाची नाही. हिरड्यांचा रोग असलेल्या स्त्रियांना अकाली प्रसूती अधिक होते, असे १९९६ पासून काही संशोधनांतून दिसू लागले; म्हणून हिरड्यांवर उपचार केले की अकाली प्रसूती टळेल, अशी आशा उत्पन्न झाली. ती पारखण्यासाठी अमेरिकेत ८२३ गर्भिणींवर एक मोठा प्रयोग करण्यात आला व त्याचा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदरपणी हिरड्यांवर उपचार करणे निर्धोक आहे आणि त्याने हिरड्या सुधारतात, हे त्यात सिद्ध झाले. अकाली प्रसूतीचे प्रमाण मात्र लक्षणीय रीतीने घटले नाही. म्हणून दात साफ करून घेतले की बाळंतपण सुखरूप होईल, असे आश्वासन मी देत नाही. मी इतकेच म्हणते, की आईला ठणक्यावाचून झोप यावी, दोन घास चावून खाता यावेत आणि तिचा दात वाचावा, हे लाभ स्वतःच पुरेसे मोठे आहेत. आईचे सुख हे मुलाच्या लाभाच्या निमित्तानेच का म्हणून मागावे?

आता तिसरी गोष्ट, मिश्री. हिच्याविषयी मी अधिक तपशिलाने बोलणार आहे, कारण हिचा संबंध आपल्या गावाशी व आपल्या जिल्ह्याशी फार निकटचा आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटली, की मिश्री होते. दात घासण्याचे साधन म्हणून ती घरात येते, म्हणून तिला कोणी व्यसन म्हणत नाही. जी स्त्री विडीचा धूर पाहून नाक मुरडील, ती दिवसातून चार वेळा मिश्री लावते आणि आपण तंबाखू वापरतो, असे तिला मुळीच वाटत नाही. परंतु भाजल्याने तंबाखूतील निकोटिन नाहीसे होत नाही. हिरडीतून ते थेट रक्तात जाते, रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि वारेतून गर्भापर्यंत पोहोचते.

याचा पुरावा परदेशातून आणण्याचे कारण नाही. तो आपल्या मुंबईतच आहे. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकारी यांनी मुंबईतील १,२१७ गर्भिणींचा घरोघर जाऊन अभ्यास केला आणि तो २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्या स्त्रियांपैकी सुमारे १७ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरीत होत्या, आणि त्यांत मिश्रीचा वापर विशेष होता. अशा स्त्रियांची बालके इतरांच्या बालकांपेक्षा सरासरी सुमारे १०५ ग्रॅम वजनाने कमी भरली, आणि त्यांच्यात दिवस पुरे होण्यापूर्वी प्रसूत होण्याचे प्रमाणही अधिक आढळले. १०५ ग्रॅम म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण जे मूल मुळातच अडीच किलोच्या आसपास जन्माला यावयाचे, त्याच्या बाबतीत हे १०५ ग्रॅम त्याला अशक्त बालकांच्या गणतीत टाकण्यास पुरतात. त्याच संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात मृत बालक जन्मण्याचा धोका तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांत अडीच पटींहून अधिक दिसला. यावर मी अधिक भाष्य करीत नाही.

तेरखेड्याचे नाव शोभेच्या दारूसाठी व फटाक्यांसाठी सर्वत्र घेतले जाते. या उद्योगाने कित्येक घरांना भाकर दिली आहे. त्या कामात गंधक, सोरा, ॲल्युमिनियमची भुकटी अशा द्रव्यांशी हातांचा संबंध येतो. ज्या बोटाने ही द्रव्ये हाताळली, तेच बोट मिश्रीच्या डबीत आणि तेथून तोंडात जाते. गरोदर भगिनीने हे काम शक्यतो करूच नये. आणि करावेच लागले, तर साबणाने हात स्वच्छ धुतल्यावाचून तोंडाला बोट लावू नये. तीच गोष्ट आपल्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या भगिनींची. भल्या पहाटे फडात जाताना दात घासण्यास ना वेळ, ना पाणी. मग मिश्रीचे बोट फिरविले, की तोंडही धुतल्यासारखे होते आणि भूकही मरते. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण ज्या गर्भिणीची भूक मारण्यासाठी तंबाखू लागते, तिच्या घरात आणि तिच्या कामाच्या ठिकाणी काही तरी चुकते आहे, हे आपण ओळखले पाहिजे.

या ठिकाणी तिन्ही गोष्टी एकत्र येतात. मिश्रीने हिरडी बधिर होते आणि दुखऱ्या दाढेला तात्पुरता आराम पडतो. म्हणून ज्या स्त्रीला दंतवैद्याकडे जाऊ दिले जात नाही, ती ठणका शमविण्यासाठी मिश्रीचे बोट वाढविते. कोणी मळमळ दाबण्यासाठी ती लावते. म्हणजे दात जावयाचाच, या समजुतीने कीड वाढू दिली. दाताला हात लावू नये, या समजुतीने उपचार अडविला. आणि त्या अडविलेल्या उपचाराची जागा मिश्रीने घेतली. मिश्री सोड, असे नुसते सांगून ती सुटत नाही, याचे कारण हेच. आधी दाढेचा ठणका बरा करा, मग डबी दूर करणे तिला सोपे जाईल.

सोडताना पहिले काही दिवस डोके दुखते, चिडचिड होते, हात आपोआप डबीकडे जातो. त्या दिवसांत तोंडात बडीशेप, ओवा किंवा लवंग ठेवावी, पाणी प्यावे, आणि घरातील माणसांनी तिच्या रागाला राग समजू नये. मुख्य म्हणजे, सुनेने सोडावी आणि सासूने लावीत बसावे, असे होऊ नये. घरात डबी राहिली, की बोट तिकडे वळणारच. मुलगा तंबाखू मळतो, सासू मिश्री लावते आणि पथ्य एकट्या गर्भिणीने पाळावे, हा न्याय नव्हे. मिश्री जाईल त्या दिवशी तिच्या जागी काय, असा प्रश्न येईल. मऊ ब्रश आणि फ्लोराइड असलेली साधी पेस्ट, सकाळी एकदा व रात्री निजताना एकदा, दोन-दोन मिनिटे. रात्रीचे घासणे अधिक महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ आटते आणि कीड आपले काम निर्वेध करते. राखुंडी, विटकरीची पूड, कोळसा यांनी दात पांढरे दिसतात. परंतु त्यांनी दातांचे कवच झिजते.

आता मुलाविषयी दोन शब्द. बाळाच्या दुधाच्या दातांची घडण आईच्या पोटात सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, आणि चौथ्या महिन्यापासून ते कठीण होऊ लागतात. मूल जन्मते तेव्हा त्याच्या हिरड्यांखाली वीसही दुधाचे दात दडलेले असतात. दात किडविणारे जंतू मात्र मुलाच्या तोंडात जन्मतः नसतात. ते बहुधा आईच्या किंवा सांभाळणाऱ्या स्त्रीच्या लाळेतून येतात. आपण घास चावून मऊ करून बाळाला भरवितो, चमचा आपल्या तोंडात घालून मग त्याच्या तोंडात देतो. यात माया आहे, पण त्या मायेबरोबर कीडही जाते. ज्या आईचे दात स्वच्छ व उपचार केलेले असतात, तिच्याकडून हे जंतू कमी जातात. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो. तो दिसला, की स्वच्छ ओल्या फडक्याने पुसावा, साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून मुलाला निजवू नये, आणि पहिल्या वाढदिवसापूर्वी एकदा दंतवैद्याला दाखवावे.

खर्चाचे काय, असे कोणी विचारील. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भिणींची तपासणी विनामूल्य होते. त्या दिवशी गेल्यावर दातांची व हिरड्यांची तक्रार आपण होऊन सांगावी. न विचारता कोणी तोंडात पाहील, अशी अपेक्षा ठेवू नये. गरज असेल तर दंतवैद्याकडे चिठ्ठी मागून घ्यावी. कीड लहान असताना ती भरून घेण्यास जो खर्च येतो, त्याच्या कित्येक पट खर्च सुजलेल्या गालाला येतो, हा साधा हिशेब आहे.

भगिनींनो आणि बंधूंनो, ज्ञातिमंडळ हे केवळ वर्षातून एकदा भेटण्याचे ठिकाण नसावे. घराघरांतील रूढीला वळण लावण्याचे बळ अशा मंडळातच असते. एखादी गोष्ट डॉक्टरांनी सांगितली तर ती सल्ला ठरते; तीच गोष्ट ज्ञातीतील चार वडील स्त्रियांनी मनावर घेतली, तर ती रीत होते. म्हणून मी आपल्यापुढे तीन विनंत्या ठेवते. पहिली अशी, की आपल्या ज्ञातीत कोणत्याही सुनेचे किंवा लेकीचे डोहाळजेवण ठरेल, त्यापूर्वी तिला एकदा दंतवैद्याकडे नेऊन आणावे. ओटीच्या तयारीत जशी खणानारळाची आठवण असते, तशीच या भेटीची असावी. दुसरी अशी, की घरात गर्भिणी आहे तोवर तरी त्या घरात मिश्रीची डबी आणि तंबाखूची पुडी राहू नये, आणि ती प्रथम वडिलांनी सोडावी. तिसरी अशी, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण जे वाण लुटतो, त्यात एका वर्षी प्रत्येकीला एक मऊ ब्रश द्यावा आणि त्या दिवशी एखाद्या दंतवैद्याला तासभर बोलावून जमलेल्या सर्व जणींची तपासणी करवून घ्यावी.

यांपैकी कोणत्याही विनंतीला मोठा निधी लागत नाही, की सरकारी मंजुरी लागत नाही. मंडळाच्या महिला समितीने आजच्या सभेत याविषयी विचार करावा आणि मान्य झाल्यास तसा ठराव करावा. पुढील संमेलनात त्या ठरावाप्रमाणे किती घरांनी काय केले, त्याचा वृत्तांत वाचला जावा, म्हणजे ठराव कागदावर राहणार नाही.